मुदत पाळणाऱ्याचे दार उघडे राहते

(उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर नंदुरबार येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)



नंदुरबार म्हटले की महाराष्ट्राला येथील मिरची आठवते आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी हाती तिरंगा घेऊन गोळ्या झेलणारा बालवीर शिरीषकुमार आठवतो. धुळे जिल्ह्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यातील दर दहा माणसांपैकी सुमारे सात जण जनजाती समाजाचे आहेत. घराघरांत अहिराणी, भिलोरी, पावरी, गुजरी बोलली जाते. या भूमीला स्थलांतर नवे नाही. पीक निघाले की सातपुड्याच्या पायथ्याची कुटुंबे ऊसतोडीसाठी किंवा मजुरीसाठी गुजरातची वाट धरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जाण्याचा आणि परतण्याचा काळ ठरलेला असतो, तो कोणाला शिकवावा लागत नाही.

आता या जिल्ह्यातून आणखी एक वाट निघू लागली आहे, ती सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठांची. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या जनजाती कार्य मंत्रालयाचीही तशी योजना आहे. शिष्यवृत्ती न मिळालेला शेतकरी शेत तारण ठेवून, बँकेचे कर्ज काढून मुलाला पाठवतो. अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात ३,६३,०१९ होती. तेथील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा क्रमांक पहिला आहे. कसे जावे, हे सांगणारे फलक आज सुरतेपासून नाशिकपर्यंत प्रत्येक चौकात दिसतात. दिलेली मुदत संपल्यावर काय करावे आणि ती ओलांडली तर पुढे काय होते, हे मात्र कोणताही फलक सांगत नाही. आजचा विषय तोच आहे.

कच आणि कर्ण

परक्या राज्यात जाऊन विद्या शिकणे भारतीय परंपरेला अपरिचित नाही. महाभारताच्या आदिपर्वात कचाची कथा येते. देवगुरू बृहस्पतींचा हा पुत्र संजीवनी विद्येसाठी थेट असुरांच्या राज्यात, शुक्राचार्यांकडे गेला. शत्रूच्या प्रदेशात शिरताना त्याने आपले कुळ लपवले नाही. आपण कोणाचे पुत्र आहोत, हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले. ठरलेल्या काळापर्यंत तो व्रतस्थ राहिला, अनेक संकटे सोसली, विद्या मिळवली आणि काळ पूर्ण होताच गुरूंची अनुज्ञा घेऊन निघाला. देवयानीने राहण्याचा आग्रह धरला, तो मोडताना तिचा शापही त्याने स्वीकारला. ती विद्या त्याला स्वतःला फळली नाही. त्याने ज्यांना शिकवली, त्यांना ती फळली.

त्याच ग्रंथात कर्णाचीही कथा आहे. परशुरामांकडे अस्त्रविद्या शिकताना त्याने आपली ओळख खोटी सांगितली. विद्या मिळाली, तेज मिळाले, कीर्ती मिळाली. खोटे उघडे पडले तेव्हा मिळालेला शाप मात्र मोठा विलक्षण होता. ऐन गरजेच्या क्षणी ती विद्या आठवणार नाही, असा तो शाप होता. शापाचा परिणाम त्या दिवशी दिसला नाही. तो दिसला अनेक वर्षांनी, कुरुक्षेत्रावर.

विद्यार्थी व्हिसाची मुदत ओलांडणाऱ्याचे नेमके असेच होते. पहिल्या महिन्यात काही घडत नाही, कदाचित पहिल्या वर्षातही नाही. कोणी दारावर येत नाही, कामही मिळते. मग सात-आठ वर्षांनी चांगली नोकरी चालून येते, कंपनी परदेशी पाठवू पाहते किंवा बहिणीच्या बाळंतपणासाठी जायचे असते. त्या क्षणी जुनी नोंद समोर उभी राहते आणि दार बंद होते.

शिक्का वेगळा, मुक्काम वेगळा

सर्वाधिक गोंधळ एका गोष्टीबद्दल असतो. पासपोर्टवरचा व्हिसा ही दार ठोठावण्याची परवानगी आहे. आत आल्यावर किती दिवस राहायचे, हा स्वतंत्र निर्णय असतो. अमेरिकेत तो विमानतळावरील अधिकारी देतो आणि त्याची नोंद आय-९४ या अभिलेखात होते. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसाबाबत तेथे आजवर निश्चित तारीख न घालता ‘विद्यार्थी म्हणून नियमात आहे तोपर्यंत’ अशा अर्थाची खूण होत आली आहे.

याचा परिणाम दुहेरी आहे. विद्यार्थी वर्गात नियमित जात असेल, त्याचे आय-२० हे विद्यापीठाचे पत्र चालू असेल, तर शिक्क्याची तारीख उलटली तरी तो तेथे कायदेशीरपणे राहतो. उलट शिक्का आणखी तीन वर्षे चालणारा असला, पण विद्यार्थ्याने शिक्षण सोडले किंवा परवानगीविना काम धरले, तर त्या दिवसापासून तो नियमाबाहेर गेला. पासपोर्ट उघडून ‘अजून तारीख आहे’ म्हणणारा विद्यार्थी म्हणूनच फसतो.

समजा, शहाद्याचा एक विद्यार्थी अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि त्याचा अभ्यासक्रम १५ मे रोजी संपला. त्याला ६० दिवसांची सवलत मिळते, म्हणजे १४ जुलैपर्यंत. तेवढ्या काळात त्याने मायदेशी निघावे, दुसऱ्या अभ्यासक्रमात प्रवेश घ्यावा किंवा दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी रीतसर अर्ज करावा. प्रशिक्षणार्थ काम करण्याची ओपीटी नावाची सोय बारा महिन्यांची आहे, तिचा अर्जही याच मुदतीत करावा लागतो. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांना आणखी चोवीस महिने मिळू शकतात. ओपीटीच्या पहिल्या बारा महिन्यांत बेरोजगारीचे एकूण दिवस नव्वदच्या वर गेले, तर तेही नियमभंगातच मोडते. शिक्षण मध्येच सोडणाऱ्याला ६० दिवसांची सवलत नाही. विद्यापीठाच्या संमतीने सोडले तर १५ दिवस. न सांगता सोडले तर एकही नाही. ही सारी माहिती विद्यापीठ सेविस नावाच्या शासकीय संगणक-प्रणालीत भरत असते. विद्यार्थी गैरहजर राहिला, हे त्याच्या घरी कळण्याआधी तेथील शासनाला कळते.

तीन वर्षे, दहा वर्षे

अमेरिकेने १९९६ मध्ये केलेल्या कायद्यानुसार बेकायदा वास्तव्याचा हिशेब दिवसांवर होतो. १८० दिवसांहून अधिक परंतु एका वर्षाहून कमी काळ असे राहून देश सोडला, तर तीन वर्षे परत येता येत नाही. एक वर्ष किंवा अधिक काळ राहून सोडला, तर दहा वर्षे. शिवाय मुक्कामाची ठरावीक तारीख ओलांडली की हातातला व्हिसा आपोआप निरर्थक होतो आणि नवा अर्ज सामान्यतः मायदेशातील वकिलातीतच करावा लागतो.

निश्चित तारखेविना आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा दिवसांचा हिशेब शासनाने किंवा न्यायाधीशाने नियमभंग ठरवल्यानंतरच सुरू होत आला आहे. तो नियमभंगाच्या दिवसापासूनच मोजावा, असा प्रयत्न २०१८ मध्ये झाला. तेथील न्यायालयाने २०२० मध्ये तो रोखला. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील शासनाने नवा प्रस्ताव मांडला, की विद्यार्थ्याला जास्तीत जास्त चार वर्षांची निश्चित तारीखच द्यावी. ज्याच्या नोंदीवर तारीख आली, त्याचा हिशेब त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. म्हणून निघताना लागू असलेला नियम कोणता, हे प्रत्येकाने स्वतः पाहिलेच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा अनुभव येथे पुरत नाही.

‘हिशेब सुरू झालेला नाही, म्हणजे काही बिघडलेले नाही’ हा समजही घातक आहे. पुढचा व्हिसा मागताना अधिकाऱ्यासमोर सेविसची नोंद असते. अमेरिकेच्या कायद्यात विद्यार्थी वा पर्यटक म्हणून येणाऱ्याबद्दल पहिले गृहीतक असे असते, की हा मनुष्य कायमचा राहायला येत आहे. तसे नाही, हे अर्जदाराने पटवायचे असते. ज्याने एकदा मुदत पाळली नाही, त्याने ते कोणत्या तोंडाने पटवावे?

अन्य देशांची रीत

ब्रिटनमध्ये वर्षभराचा किंवा त्याहून मोठा अभ्यासक्रम करणाऱ्यास तो संपल्यावर सामान्यतः चार महिने राहता येते. मुदत संपल्यावर ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने परतणाऱ्यावर बंदी लागत नाही. त्यानंतर स्वखर्चाने परतल्यास एक वर्षाची बंदी असते. तेथील शासनाच्या खर्चाने परतल्यास परिस्थितीनुसार दोन किंवा पाच वर्षांची, आणि सक्तीने पाठवले गेल्यास किंवा फसवणूक आढळल्यास दहा वर्षांची. याचा अर्थ चूक झाल्यानंतरही लवकर आणि आपल्या पैशाने निघणाऱ्याला कायदा वेगळ्या नजरेने पाहतो.

ऑस्ट्रेलियात २८ दिवस ही महत्त्वाची रेषा आहे. त्याहून अधिक काळ व्हिसाविना राहून गेलेल्यास तात्पुरत्या व्हिसांसाठी तीन वर्षांचा प्रतिबंध लागू शकतो. कॅनडात शिक्षणाचा परवाना अभ्यासक्रम संपल्यानंतर ९० दिवसांनी किंवा त्यावरील तारखेला, यांपैकी जे आधी येईल तेव्हा संपतो. दर्जा गेल्यानंतर तो परत मिळवण्यासाठी आणखी ९० दिवसांत अर्ज करता येतो. ती संधीही दवडली आणि बहिष्करणाचा आदेश निघाला, तर एक वर्षाची बंदी येते. अर्जात खोटे आढळले, तर पाच वर्षांची.

प्रत्येक देशाचे आकडे वेगळे आहेत, पण तत्त्व सारखेच आहे. थोडा उशीर आणि स्वतःहून परतणे, याला क्षमेची जागा आहे. दीर्घ मुक्काम, लपणे आणि खोटे बोलणे यांना ती जवळजवळ नाही.

नोंद माणसाच्या आधी पोहोचते

‘अमेरिकेचे दार बंद झाले तर कॅनडाला जाऊ, तेही नाही तर इंग्लंड आहेच,’ असे म्हणणारे तरुण आढळतात. तो काळ मागे पडला. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश स्थलांतरविषयक माहितीची आपसांत देवाणघेवाण करतात, त्यात बोटांचे ठसेही येतात. युरोपातील शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून अल्पकालीन प्रवाशांच्या येण्याजाण्याची नोंद ठसे आणि चेहऱ्याच्या छायाचित्रासह संगणकावर घेण्यास प्रारंभ केला. पासपोर्टवरचा पुसट शिक्का चुकून सुटत असे. यंत्रातली तारीख सुटत नाही.

त्याहून साधी गोष्ट अर्जातच असते. कोणत्याही देशाने कधी व्हिसा नाकारला आहे काय, मुदतीपेक्षा अधिक राहिला होता काय, परत पाठवले होते काय, असे प्रश्न जवळजवळ प्रत्येक मोठ्या देशाच्या अर्जात या ना त्या रूपात असतात. येथे मोह होतो. गावाकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात, पण व्हिसाच्या खिडकीपाशी ती म्हण चालत नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. मुदत ओलांडल्याची शिक्षा काही वर्षांची असते. ती लपवण्यासाठी खोटे सांगितले तर अमेरिकेत प्रवेशबंदी कायमची होऊ शकते. पहिली चूक परिस्थितीची असू शकते, दुसरी मात्र निखळ आपली असते. कर्णाची कथा येथे पुन्हा आठवावी.

फसवणारे आणि फसणारे

या वाटेवर सापळेही आहेत. कॅलिफोर्नियातील प्लेझंटन येथे ट्राय-व्हॅली नावाचे विद्यापीठ होते. जानेवारी २०११ मध्ये त्यावर छापा पडला तेव्हा लक्षात आले, की तेथे शिक्षण नावालाच होते आणि विद्यार्थ्यांत भारतीयांची, विशेषतः तेलुगू भाषकांची, संख्या फार मोठी होती. काही विद्यार्थ्यांच्या पायांना पाळत ठेवणारी यंत्रे बांधली गेली, त्यावर भारताने तीव्र नापसंती व्यक्त केली. विद्यापीठाच्या संस्थापिकेला २०१४ मध्ये सोळा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. परंतु विद्यार्थ्यांची गेलेली वर्षे त्या शिक्षेने परत आली नाहीत.

जानेवारी २०१९ मध्ये मिशिगन राज्यातील फार्मिंग्टन विद्यापीठाचे प्रकरण उघडकीस आले. हे विद्यापीठ तेथील तपास यंत्रणेनेच सापळा म्हणून उभारले होते. त्यात ना प्राध्यापक होते, ना वर्ग. अटक झालेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. भारताने निषेध नोंदवला, वकिलातीने मदतीचा दूरध्वनी चोवीस तास चालू ठेवला. तेथील शासनाचे म्हणणे असे होते, की वर्ग भरत नाहीत हे विद्यार्थ्यांना ठाऊक होते. विद्यार्थ्यांच्या बाजूचे म्हणणे असे होते, की अधिकृत यादीत नाव पाहून त्यांनी विश्वास ठेवला. न्याय कोणत्याही बाजूचा असो, पालकांनी त्यातून एक खूणगाठ बांधावी. जे विद्यापीठ वर्गात बसण्याचा आग्रह धरत नाही आणि पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ नोकरीचे आमिष दाखवते, ते शिक्षण देत नाही. ते मुदत ओलांडण्याची सोय विकते.

आरसा आपल्याही घरात आहे

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती नंदुरबारकरांना जवळून ठाऊक आहे. येमेनच्या नागरिकांनी व्हिसाची मुदत संपल्यानंतरही येथे वास्तव्य केल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये याच जिल्ह्यात, अक्कलकुवा येथे गुन्हा नोंदवला गेला. त्याचा निवाडा न्यायालयाचा आहे आणि तो न्यायालयावरच सोपवावा. तत्त्वाचा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावा. परदेशी नागरिकाने भारतात मुदत पाळावी, ही अपेक्षा योग्यच आहे. त्यासाठी संसदेने स्थलांतर व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ संमत केला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि चार जुने कायदे त्याने मोडीत काढले. या कायद्याखाली मुदत ओलांडणाऱ्या परकीयास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जो समाज आपल्या सीमेचा असा मान मागतो, त्याने दुसऱ्याच्या सीमेचा मान राखण्यात तसूभरही कमी पडता कामा नये. भारतात परकीयाने मुदत ओलांडली तर तो गुन्हा, आणि आपल्या मुलाने न्यू जर्सीत ओलांडली तर ती हुशारी, हे दुटप्पीपण राष्ट्रभक्तीच्या नावाखाली खपणारे नाही. सीमा पवित्र मानायची तर ती सर्वांची मानावी लागते.

एकाचे कृत्य, अनेकांवर भार

४ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी काही देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी किंवा निर्बंध घातले. बुरुंडी, लाओस, सिएरा लिओन, टोगो या देशांबाबत दिलेल्या कारणांत त्या देशांच्या प्रवाशांचे आणि विद्यार्थ्यांचे मुदत ओलांडण्याचे प्रमाण ठळकपणे नमूद होते. भारत त्या यादीत नव्हता. तरीही त्यातील बोध स्पष्ट आहे. ज्यांनी मुदत ओलांडली ते मूठभर होते; दार बंद झाले ते त्या देशांतील प्रत्येक होतकरू विद्यार्थ्यासाठी.

याची छोटी आवृत्ती गावातही घडते. एका कुटुंबातील थोरला मुलगा परतला नाही, तर धाकटीच्या अर्जाकडे अधिकारी अधिक चिकित्सक दृष्टीने पाहू शकतो. भावंडांपैकी कोण तेथे आहे आणि कोणत्या दर्जाने आहे, हा प्रश्न अर्जातच असतो. जनजाती समाजातून प्रथमच बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीमागे तर आश्रमशाळेतल्या शेकडो मुलामुलींच्या आशा उभ्या असतात. त्याची पत ही त्याच्या एकट्याची मालमत्ता नसते.

मुदत का ओलांडली जाते?

येथवर कायद्याचे झाले. आता मनाचे पाहू. मुदत ओलांडणारे सारे विद्यार्थी लबाड असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुतेकांच्या मागे दोन भुते लागलेली असतात, कर्ज आणि लाज. शेत गहाण आहे, व्याज चढते आहे, नोकरी मिळालेली नाही. मिळेल ते काम करून चार पैसे पाठवले तर निदान हप्ता फिटेल, असे वाटते. दुसरे भूत अधिक बलवान असते. निघताना गावाने हार घातले होते, फलकावर छायाचित्र लावले होते, वर्तमानपत्रात बातमी आली होती. आता रिकाम्या हाताने कोणते तोंड घेऊन परतायचे?

त्या लाजेपोटी मुलगा थांबतो. एक महिना म्हणता म्हणता वर्ष उलटते. मग तो परत येऊच शकत नाही, कारण आला तर पुन्हा जाता येणार नाही. बापाच्या आजारपणात येत नाही, आजीच्या अंत्यविधीला येत नाही, बहिणीच्या लग्नात मोबाइलच्या पडद्यावर दिसतो. कामावर मजुरी बुडवली तरी तक्रार करायला धजत नाही. मुक्त देशात राहूनही तो कैद्यासारखा जगतो.

या ठिकाणी एक नाव आदराने घ्यावेसे वाटते. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, गदरच्या क्रांतिकार्यात पडले आणि ब्रिटिश सत्तेमुळे मातृभूमीला दुरावले. मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी नाव मिळवले, पण मायदेशी मोकळेपणाने परतण्यासाठी त्यांना स्वातंत्र्य उजाडेपर्यंत थांबावे लागले. देशासाठी ज्यांनी घराचे दार गमावले, त्यांचे ते वनवास होते. स्वतंत्र देशाच्या मुलाने केवळ एका तारखेकडे दुर्लक्ष झाले म्हणून तसा वनवास ओढवून घ्यावा, यात कोणाचे हित आहे?

वेळ हातात असताना

तेव्हा करावे काय? निघण्यापूर्वी तीन तारखा एका कागदावर लिहाव्यात: व्हिसाची, मुक्कामाच्या परवानगीची आणि अभ्यासक्रम संपण्याची. त्या कागदाची एक प्रत घरी भिंतीवर असावी. चौथी, पासपोर्टची तारीखही त्यावर नोंदवावी. शिष्यवृत्तीच्या करारनाम्यातील अटी पालकांनीही वाचाव्यात, वाचता येत नसतील तर गावातल्या शिक्षकाकडून वाचून घ्याव्यात.

परदेशी पोहोचल्यावर भारतीय दूतावासाकडे नोंदणी करावी. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी सल्लागार अधिकारी असतो, त्याची ओळख पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी. आजारपण, नापास होणे, पैशाची चणचण, यांपैकी काहीही उद्भवले तर वर्ग सोडण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याला सांगावे. आजारपणात विषय कमी करण्याची परवानगी मिळते, पण ती आधी मागावी लागते. अमेरिकेत दर्जा गेला तरी तो परत मिळवण्याचा अर्ज सामान्यतः पाच महिन्यांच्या आत करता येतो. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातील काम आठवड्याला वीस तासांपर्यंतच आहे, ही मर्यादा कोणाच्याही सांगण्यावरून ओलांडू नये.

आणि मुदत ओलांडली गेलीच असेल तर? तर दिवस मोजत बसू नये. स्थलांतर कायद्याच्या अधिकृत वकिलाचा सल्ला घ्यावा. दलालाचा किंवा दुकानात भेटलेल्या परिचिताचा घेऊ नये. १७९ दिवस आणि १८१ दिवस यांत तीन वर्षांचे अंतर असू शकते, हे लक्षात ठेवावे. परतायचे ठरल्यास स्वखर्चाने परतावे, विमानाचे तिकीट व बोर्डिंग पास जपून ठेवावा, उशिराचे कारण सिद्ध करणारी रुग्णालयाची वा विद्यापीठाची कागदपत्रे सोबत आणावीत. पुढच्या प्रत्येक अर्जात ती हकिकत खरीखुरी सांगावी. सत्य सांगून नकार मिळाला तर तो काही काळाचा असतो. अडचणीतल्या भारतीयांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ नावाचे तक्रार-निवारण संकेतस्थळ २०१५ पासून आहे, त्याचा उपयोग करावा. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून आणि त्याआधी २०२० च्या महामारीत जगभरातून विद्यार्थ्यांना घरी आणणारा हा देश आहे. त्याच्याकडे मदत मागण्यात कमीपणा नाही.

पालकांसाठी

शेवटचे सांगणे विद्यार्थ्यांपेक्षा आई-वडिलांना आहे. मुलगा किंवा मुलगी विमानात बसण्यापूर्वी त्यांना जवळ बसवून एवढेच सांगा: ‘बाळा, जमले तर आनंदच आहे. नाही जमले तर ठरल्या दिवशी घरी ये. कर्जाचे आपण मिळून पाहू.’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे, तो मुलगा अंधारात थांबणार नाही. ज्याला घरून केवळ ‘हप्ता कधी पाठवतोस’ एवढेच विचारले जाते, तो थांबेल.

गावानेही आपली रीत बदलावी. जाणाऱ्याला हार घालण्याची हौस आहे, ती येणाऱ्यालाही दाखवावी. शिकून वेळेवर परतलेला तरुण नोकरी न मिळालेला असेल, पण त्याच्या हाती विद्या आहे आणि त्याच्या पासपोर्टवर डाग नाही. तो उद्या पुन्हा जाऊ शकतो, संशोधनासाठी, व्यापारासाठी किंवा आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून. तोवर त्याची विद्या धडगाव-मोलगीच्या मुलांना शिकवण्यात फळू शकते. कचाची विद्या तशीच फळली होती.

व्हिसा हा एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राच्या मुलावर ठेवलेला विश्वास आहे. त्यावर सही त्या देशाच्या अधिकाऱ्याची असते, पण हमी या मातीची असते. नंदुरबारच्या लेकरांनी जगात कोठेही जावे, उत्तमातले उत्तम शिकावे आणि दिलेला शब्द दिलेल्या तारखेला पाळावा. ज्याने मुदत पाळली, त्याच्यासाठी परक्याचे दार पुन्हा उघडते. घराचे दार तर कधी बंद झालेलेच नसते.